दुपारचं इंजिन

सरोजिनीने भिंतीला कान लावला. भिंत गार होती आणि गप्प होती.

ती परत पलंगावर येऊन आडवी झाली, डावा कान उशीवर टेकवला, आणि आवाज पुन्हा सुरू झाला. धड्... धड्... धड्... संथ, जाड, खूप खोलातून येणारा. आधी तिला वाटलं, खाली कुणीतरी घराचं काम काढलं असेल. सिंगापुरातल्या टॅम्पिनीसच्या त्या ब्लॉकमध्ये बाराही महिने कुणाच्या ना कुणाच्या घरात फरशा फुटत असतात. पण तो आवाज कर्कश असतो, मध्येच थांबतो, पुन्हा लागतो. हा थांबत नव्हता. जणू तिच्या सातव्या मजल्याखाली माणसांची घरं नव्हतीच. लोखंडाचं एक मोठं पोट होतं आणि त्यात काहीतरी घुसळत होतं.

हा आवाज आपण पूर्वी ऐकलाय, हे लक्षात यायला तिला थोडा वेळ लागला. लक्षात आलं तेव्हा अंगावर काटा आला. तरी तिने उशीवरून डोकं उचललं नाही.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी ती निशिकांतांबरोबर बोटीवर गेली होती. एकदाच. ते तेव्हा सेकंड इंजिनियर होते आणि कंपनीने बायकोला सोबत न्यायची परवानगी दिली होती. सुरुवातीला तिला केबिनमध्ये झोपच येईना. उशीला कान लावला की खालून इंजिनची धडधड यायची, हाडांतून वर चढायची. निशिकांत तेलकट कपड्यांनी वर यायचे आणि तिचा ओढलेला चेहरा बघून हसायचे. मग एकदा त्यांनी तिला समजावलं, की हा आवाज आहे तोवर मी खाली आहे असं समज आणि खुशाल झोप. त्यानंतर तिला झोप लागायला लागली. पुढे बोट डर्बनच्या धक्क्याला लागली, इंजिन बंद झालं, तेव्हा त्या शांततेनेच ती दचकून जागी झाली होती.

निशिकांतांना जाऊन आता दीड वर्ष झालं होतं. बोटीवरची नोकरी सोडून ते इथल्याच जहाज दुरुस्तीच्या यार्डात लागले होते. इथेच घर घेतलं, इथेच मुलीचं, चैत्रालीचं, शिक्षण झालं, लग्न झालं. आणि एका सकाळी पेपर वाचता वाचता ते खुर्चीत कलंडले. सरोजिनी बाहेर कॉरिडॉरमध्ये तुळशीला पाणी घालत होती. आत काही झाल्याचा तिला आवाजसुद्धा आला नाही.

त्यानंतर तिचे गुडघे बोलायला लागले. दुखत आधीपासून होतेच, पण आता सकाळी पलंगावरून पाय खाली सोडायचा म्हणजे तिला मनाची तयारी करावी लागे. सरकारी पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरने फोटो काढून सांगितलं, की झीज आहे, संधिवात आहे. साध्या पॅरासिटॅमॉलच्या गोळ्या दिल्या, व्यायाम दाखवले, वजन थोडं उतरवा म्हणाला. सरोजिनीला तो उपाय म्हणजे रडणाऱ्या मुलाच्या हातात खुळखुळा दिल्यासारखा वाटला. व्यायाम तिने चार दिवस केले आणि सोडले.

एकदा निशिकांतांचं कपाट आवरताना तिच्या हाताला एक छोटी प्लॅस्टिकची पिशवी लागली. इथले दवाखाने गोळ्या अशाच पिशव्यांतून देतात, वर रुग्णाचं नाव छापून. पिशवीवर निशिकांतांचं नाव होतं. खाली लिहिलं होतं, दुखल्यासच, जेवणानंतर. बोटीवरच्या शिड्या चढून-उतरून त्यांचेही गुडघे गेले होते. सूज उतरवायला डॉक्टरने कधीतरी दिलेल्या या गोळ्या. सरोजिनीने पिशवी कपाटाबाहेर ठेवली, पुन्हा आत ठेवली, आणि शेवटी एक गोळी पाण्याबरोबर घेतली.

संध्याकाळी ती देवासमोर मांडी घालून बसली. कित्येक वर्षांनी. उठतानाही भिंतीला हात लावावा लागला नाही. तिला वाटलं, निशिकांतांनी जाताना तिच्यासाठी काहीतरी मागे ठेवलं होतं आणि ते आत्ता कुठे तिच्या हाती लागलं.

मग ती रोज घ्यायला लागली. आधी एक, मग दोन. रक्त पातळ ठेवायची एक बारीकशी गोळी ती हृदयासाठी रोज सकाळी घेत असेच. तिचा आणि या गोळ्यांचा काही संबंध असेल असं तिच्या मनातही आलं नाही. पिशवी संपत आली तेव्हा महाराष्ट्र मंडळातली तिची मैत्रीण नीता पुण्याला निघाली होती. तिने तिकडून त्याच औषधाची पाकिटं आणली. पुण्याच्या दुकानदाराने काही विचारलं नाही, नीतानेही नाही. सरोजिनीने गोळ्या एकेक करून पाकिटातून काढल्या आणि निशिकांतांच्या नावाच्या पिशवीत भरल्या. तसं का केलं, हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

चैत्राली सेंगकांगला राहायची. ती आणि तिचा नवरा धवल रविवारी जेवायला येत. आई जिन्यावरून भराभर उतरते हे पाहून चैत्रालीला बरं वाटलं. बाबांच्या मागे आई सावरली, असं तिने धवलला ट्रेनमध्ये सांगितलंही. आई थोडी पांढुरकी दिसते, हे धवलच्या लक्षात आलं होतं. पण घरात बसून बसून माणूस पांढरं पडतंच, असं म्हणून दोघांनी तो विषय सोडला.

आणि मग ती दुपार आली, तो आवाज आला.

पहिल्या दिवशी ती घाबरली. दुसऱ्या दिवशी जेवण आटोपून ती मुद्दाम लवकर आडवी झाली आणि वाट पाहत राहिली. आवाज आला. तिसऱ्या दिवशी तिने पंखा बंद केला, खिडक्या लावून घेतल्या, म्हणजे रस्त्यावरच्या बसचा आवाज मध्ये यायला नको. बंद खोलीत, घामाने भिजायला हवं तिथे ती अंगावर चादर घेऊन पडली होती. तिला हल्ली थंडी वाजायची. सिंगापूरच्या उन्हात थंडी वाजावी, याचं तिला नवल वाटत नव्हतं. बोटीवर, त्या केबिनमध्येही अशीच थंडी वाजायची.

हे सगळं गोळ्या सुरू केल्यापासूनच होतंय, एवढं तिने ताडलं होतं. पण तिने त्याचा अर्थ वेगळा लावला. त्यांच्या नावाची गोळी घेतली की ते खाली इंजिनरूममध्ये येतात. म्हणून गुडघा अजिबात दुखत नव्हता त्या दिवशीही तिने गोळी चुकवली नाही.

इतरही काही होत होतं. फ्रिजरमधला बर्फ ती काढून कुडुमकुडुम खात बसे. कशासाठी, कोण जाणे. चार पावलं चालली की दम लागे. शौचाला काळं व्हायला लागलं होतं, डांबरासारखं, चिकट. असल्या गोष्टी कुणाला सांगायच्या असतात का? खजूर जास्त खाल्ला असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. श्रावण सुरू झाला तसे सोमवारचे उपासही सुरू झाले, आणि उपासाच्या दिवशी ती नुसत्या काळ्या चहावर गोळी घेऊ लागली.

श्रावणाच्या सुमारासच इथल्या चिनी लोकांचा सातवा महिना येतो. त्या महिन्यात गेलेल्या माणसांना महिनाभराची सुटी मिळते आणि ती आपापल्या घराकडे येतात, अशी त्यांची समजूत. ब्लॉकखाली पत्र्याच्या पिंपात लोक कागदी नोटा जाळतात, कागदी सदरे, कागदी बूट. राख वाऱ्याबरोबर वर येते. सरोजिनी वर्षानुवर्षं कॉरिडॉरमधली ती राख झाडत आली होती. या वर्षी तिने झाडली नाही. तुळशीच्या पानांवर राख बसली होती, तीही तिने पुसली नाही.

शेजारच्या लिम आंटी तिच्याच वयाच्या. रोज संध्याकाळी त्या सरोजिनीकडे येऊन बसायच्या. त्या आठवड्यात त्या जाळीच्या दाराबाहेरच थांबल्या, आत आल्या नाहीत. बराच वेळ सरोजिनीच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग हळू आवाजात त्यांनी विचारलं, "समबडी कमिंग युअर हाऊस, इज इट?"

सरोजिनी म्हणाली, कुणी नाही, मुलगी येते रविवारी, तेवढीच.

लिम आंटींनी मान हलवली. त्या त्यांच्या मोडक्या इंग्रजीत सांगत राहिल्या, की या महिन्यात मागून कुणी हाक मारली तर वळून बघायचं नाही, ओ द्यायची नाही. त्यांच्या आईच्या गावी एक बाई अशीच कागदासारखी पांढरी होत गेली होती. रोज कुणीतरी येऊन तिला थोडं थोडं पिऊन जात होतं आणि तिला ते आवडत होतं.

सरोजिनी ऐकत होती आणि हसल्यासारखं करत होती. पण उभ्याउभ्याच, उशीला कान न लावता, तिला आवाज ऐकू यायला लागला होता. आता तो दुपारपुरता राहिला नव्हता.

पुढच्या सोमवारी आवाज बदलला. सकाळपासूनच त्याला गती आली. धड्-धड्, धड्-धड्. बोट बंदरातून निघाली की इंजिन असं चढत जातं, हे तिला आठवलं. गोळी तिने काळ्या चहाबरोबर घेतली. पायाखालची फरशी हलल्यासारखी वाटली, किंचित, डेक हलतो तशी. तिने घड्याळाकडे पाहिलं नाही. अंगावरची साडी नीट केली, दाराला कुलूप लावलं आणि लिफ्टने खाली आली. आपण कुठे निघालो हे तिला माहीत होतं असंही नाही, नव्हतं असंही नाही. निघायची वेळ झाली होती, एवढंच.

ब्लॉकसमोरच्या मैदानात मांडव उभा राहत होता. सातव्या महिन्यात तिथे गाण्यांचा कार्यक्रम होतो. माणसं स्टेजला दिवे बांधत होती. समोर लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा लावून झाल्या होत्या. पहिल्या रांगेत कधी कुणी बसत नाही. ती रांग जे दिसत नाहीत त्यांची असते. इतकी वर्षं इथे राहून सरोजिनीला हे पुरतं ठाऊक होतं.

ती चालत गेली आणि पहिल्या रांगेत बसली.

कामाची माणसं हात थांबवून बघत राहिली. कुणी पुढे आलं नाही. ऊन पांढरंफटक होतं, आणि त्या उन्हात ती ताठ बसली होती, शेजारच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. इंजिन आता पूर्ण वेगात होतं. त्या धडधडीपलीकडे तिला दुसरं काही ऐकू येत नव्हतं. तिला वाटलं, आता जरा खाली वाकून बघितलं तर शिडी दिसेल.

बाजारातून परतणाऱ्या लिम आंटींनी तिला पाहिलं. सत्तरीच्या त्या बाईने हातातल्या पिशव्या तिथेच टाकल्या. मागून आलेल्या हाकेला ओ देऊ नये, हे आपणच सांगितलेलं विसरून त्यांनी मैदानाच्या कडेपासून सरोजिनीला नावाने हाक मारली. मोठ्याने, पुन्हा पुन्हा. सरोजिनीने मान वळवायचा प्रयत्न केला आणि ती खुर्चीवरून घसरून गवतावर पडली.

हॉस्पिटलात तिच्या घशातून नळी घालून पोट तपासलं. पोटात व्रण होता आणि तो कितीतरी दिवस झिरपत होता. शरीरातलं निम्म्याहून जास्त रक्त असं नकळत निघून गेलं होतं. व्रणावर इलाज करून डॉक्टरांनी रक्ताच्या पिशव्या मागवल्या, आणि गोळ्या कोणकोणत्या घेता ते विचारलं. चैत्रालीने घरी जाऊन सगळं पालथं घातलं आणि आईच्या पर्समधून गोळ्यांची ती पिशवी घेऊन आली. पलंगाशी उभी राहून ती पिशवीवरचं नाव पुन्हा पुन्हा वाचत होती.

"बाबांच्या गोळ्या? आई, तू बाबांच्या गोळ्या घेत होतीस?"

"दुखत होतं गं," सरोजिनी म्हणाली.

चैत्राली बोलायला लागली तेव्हा तिला आवरेना. डॉक्टर जे सांगत होती ते ती आईला मराठीत सांगत होती, आणि सांगता सांगता रागावत होती. ही गोळी सूज उतरवते, दुखणं थांबवते, पण त्याचबरोबर पोटाच्या आतलं अस्तर उघडं पाडते. त्यात रक्त पातळ करणारी गोळी रोजची. त्यात उपास. त्यात हे वय. मूत्रपिंडांवरही ताण आलाय, आणि यातलं काहीच जाणवलं नाही, कारण कळ तर बंद होती. डॉक्टर, एक तरुण चिनी मुलगी, शांतपणे म्हणाली, की हे औषध वाईट नाही. संधिवाताच्या कितीतरी लोकांना ती स्वतःच देते. पण ज्याला द्यायचं त्याला तपासून, त्याची बाकीची औषधं विचारून, कमीत कमी मात्रेत, थोड्या दिवसांसाठी, भरल्या पोटी, आणि गरज असेल तर पोट सांभाळणारी दुसरी गोळी जोडून. एकाची राहिलेली गोळी दुसऱ्याने घ्यायची नसते. आणि शौचाला काळं दिसलं की त्याच दिवशी गोळी थांबवून डॉक्टरकडे यायचं असतं.

सरोजिनी मान डोलावत होती. सगळं तिला पटत होतं.

मग डॉक्टरने सहज विचारलं, की कानात काही आवाज येत होता का? ठोके पडल्यासारखा? रक्त फार कमी झालं की हृदय जोरात धावतं, आणि माणसाला आपलीच नाडी कानात ऐकू येते. रक्त चढलं की ते जाईल.

तेव्हाही आवाज येत होता. मंद झाला होता, पण होता. चैत्राली आईकडे बघत होती.

"नाही," सरोजिनी म्हणाली. "तसं काही नाही."

रक्ताची पहिली पिशवी लावली तेव्हा दुपार होती. नर्स केरळची होती, तिच्याशी हिंदीत बोलायची. लाल थेंब नळीत एकामागून एक पडत होते आणि सरोजिनी डावा कान उशीवर टेकवून पडून होती. धड्... धड्... थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं, की मधलं अंतर वाढतंय. आवाज दूर चाललाय. आधी वाटलं भास असेल. मग खात्रीच झाली. तिने नर्सला हाक मारली.

"थोडा धीरे लगा सकते हैं क्या?"

नर्सने विचारलं, दुखतंय का, चक्कर येतेय का. सरोजिनीने नाही अशी मान हलवली. नर्सने सुई तपासली, नळी तपासली, आणि सांगितलं, की अम्मा, रक्त पिशवीत फार वेळ ठेवता येत नाही, ठरावीक वेळात द्यावंच लागतं. घाबरू नका. तिने सरोजिनीच्या कपाळावर हात ठेवला आणि गेली.

दुसरी पिशवी संपायच्या आधीच आवाज बंद झाला. केव्हा, ते सरोजिनीला नेमकं कळलं नाही. ती कान लावून ऐकत होती, आणि एका क्षणी नुसतं वॉर्डातलं बोलणं ऐकू येत होतं. पलीकडच्या पलंगावरच्या म्हातारीच्या सुना तिला संत्रं सोलून देत होत्या. कुठेतरी लिफ्टचं दार उघडलं. चैत्राली डबा घेऊन आली आणि म्हणाली, की चेहऱ्यावर रंग आलाय. सरोजिनीने हो म्हटलं आणि भिंतीकडे तोंड केलं. झोप लागली असेल असं समजून चैत्रालीने पडदा ओढून घेतला.

घरी आल्यावर तिचे गुडघे पुन्हा ठणकायला लागले, आणि यावेळी त्यांना गप्प बसवायचा सोपा मार्ग नव्हता. गुडघ्यावर चोळायचं मलम होतं, पॅरासिटॅमॉल होतं. रोज सकाळी खुर्चीत बसून पाय सरळ वर उचलून धरायचा व्यायाम होता. तो ती आता खरंच करायची, कारण लिम आंटी समोर खुर्ची टाकून बसत आणि तिच्याबरोबर आपलेही पाय उचलत. मैदानातल्या त्या दुपारबद्दल त्या दोघी एकमेकींशी कधी बोलल्या नाहीत.

चैत्रालीने ऑफिसातून रजा घेतली होती आणि ती आईकडे राहायला आली होती. एका दुपारी जेवण झाल्यावर दोघी पलंगावर आडव्या झाल्या. खिडक्या उघड्या होत्या, पंखा फिरत होता. चैत्राली छताकडे बघत होती.

"आई, तू डॉक्टरला खोटं सांगितलंस ना?"

मग सरोजिनीने सांगितलं. बोटीवरची केबिन, निशिकांतांचं ते बोलणं, बंद खिडक्या, सगळं. कुणाला तरी सांगताना तिला ते अगदी साधं वाटलं, वेडेपणाचंही वाटलं. चैत्राली हसेल, नाहीतर रडेल, असं तिला वाटलं होतं. चैत्रालीने दोन्हींतलं काहीच केलं नाही. बाबा गेले तेव्हा ती कामासाठी परदेशी होती. तिने त्यांना पाहिलं ते थेट फुलांत.

"मला सांगायचंस गं," एवढंच ती म्हणाली. मग कुशीवर वळली आणि लहानपणी ठेवायची तसं तिने आईच्या छातीवर डोकं ठेवलं. बराच वेळ ती तशीच होती. सरोजिनीला वाटलं, झोपली.

"येतोय ऐकू," चैत्राली पुटपुटली.

काय, हे सरोजिनीने विचारलं नाही. थोड्या वेळाने मुलीचा श्वास संथ झाला, डोकं जड झालं. त्या अवस्थेत सरोजिनीचा उजवा पाय दुमडलेला राहिला होता आणि गुडघ्यातून कळ मारायला लागली होती. पाय सरळ करायला हवा होता. पण हललं तर पोरीची झोप मोडली असती. तिने पाय तसाच राहू दिला.